ओटिलियाच्या तळ्यातली राख

ओटिलियाने तळं खणलं ते डुकरांना कंटाळून.

आमच्या डोंगरात हे मोठ्याने बोललं तर लोक आधी हसतील आणि मग बोलणाऱ्याच्या डोक्याकडे बघतील. पण खरं तेच आहे. डुक्कर ती पाळायची. तिच्या मळ्यातली रताळी खाऊन ते वाढायचं, तिच्या चुलीच्या कुडापलीकडे घोरायचं, आजारी पडलं तर तीच त्याला झोळीत घालून पाठीवर वाहायची. आणि अंगाने भरलं की ते कुळाचं व्हायचं. कुणाचं लग्न निघालं, आण डुक्कर. कुणी मेलं, आण डुक्कर. तिच्या थोरल्या दिराने, गिगमाईने, दारूच्या भरात पलीकडच्या कुळातल्या एकाचं डोकं फोडलं, भरपाईला आण डुक्कर. डोकं फोडताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मासा मयताला चालत नाही," ती मला म्हणाली. "लग्नाला चालत नाही. भांडण मिटवायला चालत नाही. माशाला आपल्यात रिवाजच नाही, रेजिना. मग तो माझा."

एवढ्या शहाण्या बाईला मी आणखी काय शिकवणार होते? मी खाली रस्त्यालगतच्या बाजारात राहते, आणि बायकांच्या भानगडीत नाक खुपसणारी म्हणून सगळं खोरं मला ओळखतं. ओटिलिया आणि मी मिशनच्या शाळेत एका बाकावर होतो. मी मारामारी करून शाळेबाहेर पडले, ती लग्न करून. बुटकी, रुंद खांद्यांची, पुढचा एक दात पडलेला. हसली की दरीपलीकडच्या माणसाने मान वर करून बघावं असं हसणं. नवरा दामा छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा लांब किनाऱ्यावर, लाए शहरात, मासे डब्यात भरायच्या कारखान्यात. आईने तळं खणायला घेतल्याचं कळल्यावर त्याने निरोप पाठवला होता, की आई, इथे मासे इतके आहेत की वासाने जेवण जात नाही, तू कुठे चिखलात शिरतेस. ती म्हणाली, "त्याच्या माशांना डोकं नसतं. मला डोकं असलेले हवेत."

नवरा गेला की आमच्यात बाई राहते ती त्याच्या कुळाच्या जमिनीवर, कुळाच्या मर्जीवर. ओटिलियाचे भाऊ डोंगरापलीकडे. इथे तिच्यावर हक्क सांगणारा एकच, गिगमाई. हे नाव मी लिहिते आहे, ती उच्चारू शकत नाही. थोरला दीर म्हणजे ताम्बू, नाव घ्यायलाही बंदी असलेलं नातं. सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव बाईच्या तोंडून निघालं तर दात पडतात असं म्हणतात. तिला कुणी पडलेल्या दातावरून छेडलं की ती म्हणायची, "एकदा अर्धंच नाव निघालं, म्हणून एकच पडला."

घरामागच्या ओल्या खोलगटीत तिने तळं खणलं. मळ्यातल्या कामाच्या बदल्यात बायका मदतीला आल्या. सगळ्यांनी मिळून तळाची चिकणमाती पायांनी तुडवली, गाणी म्हणत, एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवत. वरच्या झऱ्याचं पाणी बांबूच्या नळीने आणलं. गिगमाई यायचा, बांधावर उभा राहायचा, सुपारी चघळायचा, लाल पिंक टाकायचा.

"माझ्या भावाची कबर खणताना एवढा जोर नव्हता तुझ्यात," एकदा तो म्हणाला.

"कबर खणायला तुम्ही सगळे होतात की, भावोजी," ती मान खाली घालून म्हणाली. "इथे कुणी फावडं धरायला आलं नाही."

बायका हसल्या. त्यांनी हसायला नको होतं, असं मला तेव्हाच वाटलं. आमच्याकडे पुरुष मार विसरतो, हसू विसरत नाही.

पाणी साठलं, हिरवट झालं. मत्स्यबीज केंद्रवाल्याने सांगितलं होतं की पाणी हिरवं झालं की बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, न्या. ती खालच्या खोऱ्यात चिलापीची बोटुकली आणायला गेली, आणि नेमका त्याच दिवशी वाइम मेला.

वाइम कुळाचा ट्रक चालवायचा. बोमाई म्हाताऱ्याचा एकुलता मुलगा, बैलासारखा माणूस. आदल्या रविवारी त्याने एकट्याने ट्रकचं चाक चिखलातून उचलल्याचं लोक सांगत होते. त्या सकाळी त्याच्या छातीत काहीतरी अडकलं. तोंड उघडं टाकून तो हवा ओढत राहिला, ओढत राहिला, आणि रस्त्यापर्यंत न्यायच्या आतच संपला.

माणूस असा मेला की आमच्याकडे कशाने मेला असं विचारत नाहीत, कुणी मारला विचारतात. सांगुमा. कुणीतरी बाई, तिच्या आत काहीतरी राहतं, ते बाहेर निघून माणसाचं काळीज खातं. ती बाई बहुतेक वेळा विधवा असते, भाऊ लांब असलेली असते, तिच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो. हे सांगुमाला कसं बरोबर कळतं ते मला कुणी अजून समजावून सांगितलेलं नाही. ह्या प्रकारापायी मी जे पाहिलंय ते इथे लिहीत नाही. जाळलेल्या बाईच्या घराचा वास मला ओळखता येतो, एवढं पुरे.

मयताचा मांडव वाटेलगतच्या मोकळ्या जागेत पडला. मी ऐकलं तशी वर आले. बायका अंगाला पांढरा चिखल फासून रडत होत्या. पुरुष कोयते मांडीवर घेऊन बसले होते. आणि मला दिसलं की खालून ओटिलिया येते आहे.

तिला काही माहीत नव्हतं. कुणाच्या तरी परक्या ट्रकमधून उतरली होती, खुशीत होती. छातीशी एक मोठी गोल पिशवी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, बाळ धरावं तशी धरलेली. मांडव बघून ती थबकली, कोण गेलं विचारलं, आणि नाव ऐकताच मोठ्याने रडायला लागली. खरं रडली. वाइम तिला ट्रकमध्ये फुकट बसवायचा.

पण लोक तिच्या रडण्याकडे बघत नव्हते, पिशवीकडे बघत होते. फडकं सरकलं होतं. खाली थोडं पाणी, त्यात काळ्या टिकल्यांसारखी हलणारी बोटुकली, आणि वरचा सगळा भाग टम्म फुगलेला.

"काय आहे त्यात?" गिगमाईने विचारलं.

"मासे, भावोजी."

"मासे पाण्यात असतात. हे तर फुगलंय. आत काय भरलंय?"

"वारा. त्यांना श्वास घ्यायला."

श्वास. तोच शब्द तिच्या तोंडून निघाला. एक माणूस श्वासाविना मेलाय, आणि एक विधवा त्याच दिवशी श्वास पिशवीत भरून घेऊन आली आहे. लोकांच्या डोळ्यांत ते जुळताना मला दिसलं. मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "चल, मासे मरतील." काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. नंतर वाटलं, तेही बोलायला नको होतं.

आमच्या मागोमाग बरेच जण तळ्यापर्यंत आले. उसाच्या बेटाला लागून उभे राहिले. ओटिलियाने पिशवी न उघडता पाण्यावर ठेवली. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांना ओळखू दे, असं तिला सांगितलेलं होतं. ती बांधावर बसून राहिली. पिशवी तळ्यात हळूहळू फिरत होती आणि एवढी माणसं त्या फिरणाऱ्या पिशवीकडे बघत होती. मग तिने गाठ सोडली. वारा फुस्स करून निघून गेला, तशी एक म्हातारी दोन पावलं मागे सरली.

बोटुकली बाहेर पडली, घाबरून एका जागी गोळा झाली, मग पांगली.

"कुंपण नाही काही नाही," गिगमाई म्हणाला. "पळाले तर?"

"पाणी सोडून कुठे पळतील?"

"डुकरांबद्दलही असंच वाटतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या रात्री मी तिच्या घरी राहिले. दाराला आतून ओंडका लावला होता. झोप कुणालाच लागली नाही.

उजाडताच रताळ्यांची झोळी घेऊन आम्ही मांडवात गेलो. जाणं भागच होतं. जी बाई रडायला येत नाही, तिच्याकडे बोट आधी वळतं. ओटिलियाने अंगाला चिखल फासला, बायकांत बसली, रडली. दिवस वर आला. मला वाटायला लागलं की आजचा दिवस निघेल. तेवढ्यात गिगमाईच्या दोघी सुना वरून पळत आल्या. धाकटीला नीट बोलताही येत नव्हतं.

"मासे," ती म्हणाली. "मासे वर आलेत. तोंड उघडून. वाइमभावजी करत होते तसंच करतायत."

रडणारी बाई मध्येच थांबली. कुणीतरी म्हणालं, "तिने तोच श्वास त्यांना दिला असणार. आता मेलेल्याने तो परत मागून घेतला." दुसरा म्हणाला, "नाही, ती आता तो मासा खाईल. सांगुमा असंच करते." बोलणारे दोघे तरणेताठे, एकाला तर मीच लस टोचायला नेलं होतं लहानपणी. मी त्याला म्हटलं, "तुला फार माहिती रे. तुझ्या घरात आहे वाटतं कुणी." तो उठला. त्याच्या हातात कोयता होता. बोमाई म्हाताऱ्याने नुसती मान हलवली म्हणून तो बसला.

ओटिलिया तोवर तळ्याकडे धावत सुटली होती. मी मागे.

बोटुकली खरंच वर आली होती. कितीतरी पांढरी पोटं वर करून तरंगत होती, बाकीची पृष्ठभागाला तोंडं लावून हवा गिळत होती. फक्त बांबूच्या नळीखाली, जिथे झऱ्याचं ताजं पाणी पडत होतं, तिथे एक घोळका धडपणे पोहत होता.

ओटिलिया गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली. पाणी हातात घेतलं, बोटं चोळली. पुन्हा चोळली.

"हात बघ," ती म्हणाली.

मी पाण्यात हात घातला. पाणी बुळबुळीत लागलं, साबण लावून न धुतल्यासारखं.

"लहानपणी आई आमची डोकी अशाच पाण्याने धुवायची," ती म्हणाली. "उवा मरायच्या. डोळ्यांत गेलं की भाजायचं."

मग मलाही दिसलं. बांधाच्या कडेने पाण्यावर कोळशाचा काळा चुरा तरंगत होता आणि तळाशी करडा गाळ बसला होता. राख. चुलीची राख, मूठभर नाही, पोतंभर. पोतंही सापडलं, उसाच्या बेटात कोंबलेलं. कॉफीचं पोतं, त्यावर लाल रंगाने काढलेला पक्षी. गिगमाई आपल्या प्रत्येक पोत्यावर तो पक्षी काढतो, म्हणजे बाजारात पोती बदलू नयेत.

नवीन डुक्कर घरी आणलं की घरचा कर्ता पुरुष त्याच्या नाकाला आणि खुरांना आपल्या चुलीची राख चोळतो. मग डुक्कर जुनं घर विसरतं, पळून जात नाही, त्या चुलीचं होतं. हे आमच्याकडे सगळेच करतात. माशाला खूर नसतात. म्हणून त्याने सगळ्या तळ्यालाच राख चोळली होती. मांडवात आम्ही रडत असताना आपल्या चुलीतली राख पोत्यात भरून आणून ओतली होती, मासे त्याच्या चुलीचे व्हावेत म्हणून. ज्याला रिवाज नव्हता त्याला त्याने रिवाज लावला होता.

माझं डोकं फिरलं. मी पोतं उचललं. "चल. सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर फेकते."

"ठेव खाली."

"ओटिलिया, हा पुरावा आहे."

"पुरावा कोर्टात असतो. इथे कोर्ट कुठे आहे?" "हे दाखवलंस तर तो सगळ्यांदेखत चोर ठरेल. मग तो एकटा मला मारेल. नाही दाखवलं तर सगळे मिळून मारतील. एवढाच फरक आहे."

"मग पळू या. मागच्या वाटेने रस्त्याला लागू. आज माझ्याकडे राहा, उद्या शहरात जाऊ."

तिने हनुवटीने वर दाखवलं. मागच्या वाटेच्या वळणावर गिगमाईचे दोघे मुलगे उभे होते. उभे म्हणजे काय, एक झाडाला टेकून नखं काढत होता कोयत्याने. घाई कुणालाच नव्हती.

ओटिलियाने माझ्या हातून पोतं घेतलं, चिखलात दाबलं आणि पायाने आत आत तुडवलं, तळाची माती तुडवली होती तसं. मी तिला शिव्या दिल्या. मला वाटलं भीतीने तिचं डोकं गेलं. मग तिने नळीचं तोंड मोठं केलं, खालचा बांध फोडून राखेचं पाणी वाहतं केलं. नळीखालची थोडी जिवंत बोटुकली तिने भाताच्या पातेल्यात झऱ्याच्या पाण्यासकट धरली, आणि पातेलं डोक्यावर घेऊन मांडवाची वाट धरली. हात सुटा नव्हता म्हणून तोंडावरचे ओघळ पुसता येत नव्हते. चिखल, घाम, काय होतं देव जाणे.

मांडवात आता सगळे पुरुष एका बाजूला झाले होते. मध्ये बोमाई, अंगभर वाळलेला चिखल, डोळे तेवढे ओले. गिगमाई त्याच्या उजव्या बाजूला उभा होता. बोलणं त्याचंच चाललं होतं, आम्हाला बघून थांबलं.

ओटिलियाने पातेलं बोमाईच्या पायापाशी ठेवलं. ती बसली नाही. बोमाई दुसऱ्या चुलीचा, त्याच्याशी ती नाव घेऊन बोलू शकत होती.

"बोमाईकाका, मासे बघा. जिवंत आहेत."

म्हाताऱ्याने वाकून बघितलं.

"बाकीचे मेले, ते का मेले ते मला कळलंय. तळ्यात राख पडली. चुलीची राख. राखेच्या पाण्यात उवा मरतात, बोटुकली तर काय. जिथे राख पोचली नाही तिथले जगले. ज्याला वाटेल त्याने जाऊन पाण्यात हात घालून बघावा."

एकदोघांनी तळ्याकडे मान वळवली.

"राख कुणी वाईटपणाने टाकली नाही," ती म्हणाली. "नवीन जीव घरी आला, त्याला आपल्या चुलीची राख लावायची, हा आपला रिवाज आहे. मी ह्या घरी आले तेव्हा माझ्या पायालाही लावली होती. मी पळाले नाही. दामा गेला तरी पळाले नाही. ज्याने टाकली त्याने हक्काने टाकली, मायेने टाकली. मासा डुक्कर नाही, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. मलाही कालपर्यंत कुठे ठाऊक होतं."

"कोणी टाकली?" बोमाईने विचारलं.

ती पातेल्याकडे बघत राहिली.

"विचारतोय ना मी. कोणी टाकली राख?"

"काका, त्याचं नाव मला घेता येत नाही."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेकाची मान वळायला लागली. जगातल्या दोनच माणसांचं नाव ही बाई घेऊ शकत नाही. एक तिचा सासरा, तो कधीच गेला. दुसरा बोमाईच्या उजव्या बाजूला उभा होता. तिने बोट दाखवलं नव्हतं, नाव घेतलं नव्हतं, पोतं दाखवलं नव्हतं. ताम्बू पाळला होता. मान ठेवला होता. आणि सगळं खोरं गिगमाईकडे बघत होतं.

गिगमाईच्या हातातला कोयता वर आला. मी खोटं सांगत नाही, त्या वेळी मी डोळे मिटले. एवढी वर्षं लोकांना ओरडून सांगत आले की बघा, तोंड फिरवू नका, आणि मी डोळे मिटले.

ऐकू आला तो बोमाईचा आवाज. कोरडा, रडून रडून घसा बसलेला.

"गिगमाई, मासे कुठे पळून जाणार होते? ट्रक पकडून?" मग तो म्हणाला, "ट्रक चालवणारा तर मेला."

आधी एक म्हातारी खुसखुसली. मग कुणीतरी मागून म्हणालं, "खुरं नव्हती म्हणून सगळ्या तळ्याला चोळली बघा." दुसऱ्याने विचारलं, "नाकाला वेगळी लावली का रे भाऊ?" आणि मांडव फुटला. कालपासून रडून दमलेली माणसं हसली की थांबत नाहीत. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसल्या, चिखल डोळ्यांत जाऊन रडल्या, पुन्हा हसल्या. मघाचा तो लस टोचलेला पोरगा गुडघ्यांत तोंड घालून हसत होता.

मी डोळे उघडले तेव्हा कोयता खाली आला होता. गिगमाई घशातल्या घशात म्हणाला, "मी काय वाईटासाठी टाकली होय? घरच्या कर्त्याचं कामच आहे ते." ओटिलिया जमिनीकडे बघत लगेच म्हणाली, "तेच मी म्हणतेय, भावोजी." त्याने पातेल्यात डोकावून बघितलं, जणू मासे पहिल्यांदाच पाहतोय, आणि गर्दीत जाऊन बसला.

ओटिलिया आता खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले, म्हणजे तिला टेकता येईल. मला वाटलं, जगली. माझी मैत्रीण जगली.

हसू ओसरलं. बोमाईने पातेल्यात एक बोट घातलं. बोटुकली त्याच्या बोटाभोवती फिरली. त्याने बोट काढलं नाही.

"मासे राखेने मेले," तो म्हणाला. "पटलं मला." मग मान वर न करता म्हणाला, "पण माझा मुलगा राखेने नाही मेला."

आता त्याने मान वर केली.

"त्याचा श्वास कोणी नेला?"

मी तोंड उघडलं. शहरातल्या डॉक्टरने मागे सांगितलं होतं, असं तरणंताठं काळीजही आतून खराब असू शकतं, तपासल्याशिवाय कळत नाही. मी ते बोलले. मोठ्याने बोलले. बोमाई माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, पावसाकडे बघावं तसा. मी बोलून संपले आणि जणू बोललेच नव्हते, तशी मागून एक बाई हळूच म्हणाली, "परवा तो हेडविगआजीच्या मळ्यातला ऊस खात येत होता."

"कोण हेडविग?"

"ओढ्याकाठची. एकटी राहते ती."

"तिचा तो काळा कुत्रा रात्री..."

ओटिलियाची पाठ माझ्या पाठीला चिकटलेली होती, ती ताठ झाल्याचं मला कळलं. पाच मिनिटांपूर्वी हेच तिच्याबद्दल होतं. आवाजही तेच. मागे वळून बघायची गरज नव्हती.

ती उठली. "काका, मासे उन्हात मरतील, घेऊन जाते," म्हणाली. बोमाईने बोट काढून घेतलं. तिने पातेलं डोक्यावर ठेवलं आणि चालायला लागली, सावकाश, पातेल्यातलं पाणी हिंदकळू नये अशी. मागे बायका पुन्हा रडायला लागल्या होत्या. गिगमाईचे मुलगे वळणावरून निघून गेले होते. तळ्याच्या वाटेला फाटा आला तिथे ती थांबली नाही. सरळ ओढ्याच्या वाटेला लागली.

"कुठे?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"गप्प चल. आणि पळू नकोस. कुणी बघितलं तर?"

हेडविगआजी घराबाहेर बसून डुकराला रताळ्याच्या साली घालत होती. काळा कुत्रा तिच्या पायाशी झोपलेला. तिने मान तिरकी करून बघितलं, दिसत कमी होतं तिला.

"कोण? ओटिलिया का? माशांचं ऐकलं गं. वाईट झालं."

"काही उरलेत, आजी. बघायला चल ना."

"मला मासे आवडत नाहीत. काट्यांचं खाणं."

"खायचे नाहीत. बघायचे. कांबळं घे बरोबर, रेजिनाच्या घरी चाललोय आपण. थंडी असते खाली."

"आता? उन्हं कलली की. सकाळी जाऊ."

ओटिलियाने पातेलं जमिनीवर ठेवलं. आत गेली, कांबळं घेऊन आली, म्हातारीच्या खांद्यावर टाकलं आणि तिचा हात धरून तिला उभं केलं. "सकाळी मला काम आहे, आजी. बांध बांधायचाय."

म्हातारी कुरकुरत उठली. डुकराला कोण बघणार, विचारत राहिली. कुत्रा उठून आळस देत मागे यायला लागला, त्याला मी दगड मारून हाकललं. तो परत आला. पातेलं आता मी घेतलं होतं, आणि ओटिलिया आजीला धरून ओढ्यातल्या दगडांवरून उतरत होती, प्रत्येक दगडावर म्हणत होती, "इथे पाय ठेव. आता इथे."

मांडवात माणसं रडत असतात तोवर ठीक असतं. रडताना कुणाला विचार करता येत नाही. आम्ही अर्धी वाट उतरलो तेव्हा ओटिलिया एकदम थांबली आणि तिने कान दिला. मीही ऐकलं. वर रडणं थांबलं होतं.

"काय झालं गं?" आजीने विचारलं.

"काही नाही," ओटिलिया म्हणाली. "इथे पाय ठेव."